बहात्तरचा दुष्काळ आणि आजची शुगर

१९७२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशातल्या मधुमेहाची पहिली मोठी पाहणी सुरू केली. ती १९७५ पर्यंत चालली. शहरांत सुमारे दोन टक्के आणि खेड्यांत दीड टक्का, एवढंच प्रमाण निघालं. त्याच बहात्तर साली मराठवाड्यात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर दिवस काढत होती. मधुमेह हा तेव्हा बसून खाणाऱ्यांचा आजार समजला जाई. खडी फोडणाऱ्या बाईच्या पोटातल्या बाळाशी त्याचं काही नातं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नसेल.

पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच परिषदेच्या नव्या अभ्यासाचे आकडे आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह. शहरांत १६.४ टक्के, खेड्यांत ८.९ टक्के. मला मात्र त्यातली दुसरीच नोंद जास्त अस्वस्थ करते. डॉक्टर ज्यांना ‘बॉर्डरवर आहात’ असं सांगतात, त्यांचं प्रमाण गावात आणि शहरात जवळपास सारखं, पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे खेडं मागे आहे ते फक्त काही वर्षांनी.

खाणं वाढलं, अंगमेहनत घटली, हे कारण खरंच आहे. पण जन्मभर शेतात राबलेल्या, पोट न सुटलेल्या माणसाची शुगर का निघते, याचं उत्तर त्यात मिळत नाही. ते शोधायला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाकडे जावं लागतं. १९९३ पासून त्यांच्या गटानं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत बायका गरोदर होण्याआधीपासून नोंदी ठेवल्या. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती. त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीचं असं हे शरीर. पोटात असताना उपासमार सोसलेलं शरीर पुढं चांगलं खायला मिळालं की साखर नीट हाताळू शकत नाही, असा त्यामागचा विचार आहे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या भूकबळीच्या हिवाळ्यात आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातही हाच दोष दिसला.

बहात्तरच्या आसपास मराठवाड्यात जन्मलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. ती पोटातली भूक आणि आजची शुगर यांची गाठ थेट बांधणं घाईचं होईल. पण या भागात आजार वाढताना पाहून ‘लोक लई खायला लागले’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

ताटही बदललं. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, लातूर भागात तर फार मोठ्या प्रमाणावर. कडबाही गेला, भाकरीही गेली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. भूक भागली, ही काही लहान गोष्ट नाही. पण ताटातली ज्वारी, डाळ, पालेभाजी आटली आणि भात-पोळी वाढली.

आता खर्चाचं. मधुमेहाची साधी गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पैसा जातो तो गोळी सुटल्यावर. बीडचा ऊसतोड कामगार घ्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतो, तो गुढीपाडव्याच्या आसपास परततो. आशाताईंच्या यादीत त्याचं नाव गावात असतं आणि माणूस उसाच्या फडावर. गोळ्या महिन्याच्या मिळतात, हंगाम पाच महिन्यांचा. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, फ्रीज कुठून येणार? नस बधिर झालेल्या पायात पाचट किंवा काटा घुसला तरी कळत नाही. जखम चिघळते, मग बोट जातं, कधी पाय जातो. पाय गेला की कोयता मोडतो, कारण तो नवरा-बायकोच्या जोडीनं चालतो. आणि उचल फेडायची राहतेच.

किडनी गेली तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस. त्याचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. जिल्ह्याच्या गावी जायचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज कशात बसत नाही. कुठल्याही सरकारी हिशेबात ही रक्कम नसते. घरातली शेळी विकली जाते, तिथं ती दिसते.

असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करायची, हे पुढं ठरलं. ते योग्यच आहे, पण तिशी फार उशिरा येते.

२०५० पर्यंत देशात मधुमेहाचे रुग्ण पंधरा कोटींच्या पुढं जातील, असा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा अंदाज आहे. दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते साल २०१६. त्या साली इथं जन्मलेली मुलं २०५० मध्ये चौतीस वर्षांची असतील. त्यातल्या मुली, म्हणजे उद्याच्या आया, आज शाळेत आहेत, काही आईबापांसोबत फडावर आहेत. त्यांचं जन्माचं वजन अंगणवाडीच्या रजिस्टरात लिहिलेलं आहे. कोणाकडे आधी लक्ष द्यायचं, हे ठरवायला ते रजिस्टर आजच उघडता येईल.