'ला त्राव्हियाता' सोप्रानोमुळे पडला नव्हता

६ मार्च १८५३. व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरात इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला आणि तो पडला. क्षयाने खंगलेल्या नायिकेच्या, व्हिओलेताच्या भूमिकेत अंगाने भरलेली सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, फानी साल्व्हिनी-दोनातेल्ली उभी होती, म्हणून लोक हसले आणि ऑपेरा कोसळला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हा तिच्यावर अन्याय आहे.

व्हेर्दीला ती या भूमिकेसाठी नको होती, हे खरं. शेवटच्या अंकात काही जण हसले असंही सांगतात. पण त्या रात्रीचा पहिला अंक, जो जवळपास सगळा सोप्रानोच्या गळ्यावर उभा आहे, तो रंगला होता. टाळ्या पडल्या, व्हेर्दीला मंचावर बोलावलं गेलं. त्या अंकाच्या शेवटी व्हिओलेता एकटीच उरते आणि वेगवान, उंच पट्टीतल्या तानांची सलग झड लावते. तिथे भल्याभल्यांची परीक्षा होते. फानीने तो अंक जिंकला, वृत्तपत्रातही तिच्या गाण्याची तारीफ झाली.

घसरण सुरू झाली दुसऱ्या अंकात. टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक, ग्रात्सियानी याचा आवाज बसला होता. बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीत गाणारा गायक, व्हारेसी (व्हेर्दीच्याच आधीच्या ऑपेरांतला पहिला मॅकबेथ आणि पहिला रिगोलेत्तो) उतरणीला लागला होता आणि या भूमिकेवर नाराज होता.

६ मे १८५४ रोजी व्हेनिसमध्येच हा ऑपेरा गाजला, तेव्हा सोप्रानो बदलली होती. पण इतर गायकही बदलले होते आणि व्हेर्दीने मधल्या काळात काही भाग नव्याने लिहिले होते. अपयशाचं खापर मात्र अजूनही फानीच्या देहावरच फोडलं जातं.