बाणाच्या बटणावरची चिकटपट्टी

१९८६ च्या एप्रिलमध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मोजक्या रुग्णालयांना एक पत्र आलं. कर्करोगावर किरणोपचार करणारं थेरॅक-२५ हे यंत्र बनवणाऱ्या कॅनडाच्या ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा’ या सरकारी कंपनीने ते पाठवलं होतं. यंत्राच्या कीबोर्डवर वर जाण्याच्या बाणाचं जे बटण आहे ते उपटून काढा, आणि खालचे संपर्क कधीच जुळू नयेत म्हणून तिथे इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा, असं त्यात सांगितलं होतं. तोवर त्या यंत्राने अनेक रुग्णांना भाजून काढलं होतं.

मी बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहितोय. टीममध्ये कोणी नवीन आलं की पहिल्या आठवड्यात मी त्यांना ही चिकटपट्टीची गोष्ट सांगतो. हल्ली ती जास्त वेळा सांगावी लागते, कारण आता आमच्या शेजारी एआय बसून कोड लिहितं, आणि चिकटपट्टी पुन्हा दिसायला लागली आहे.

थेरॅक-२५ दोन प्रकारे उपचार करायचं. गाठ कातडीजवळ असेल तर इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट अंगावर सोडायचा. गाठ खोल असेल तर क्ष-किरण लागत. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा झोत साधारण शंभर पट जोरदार करून आधी धातूच्या तुकड्यावर आदळवायचा आणि त्यातून निघालेले क्ष-किरण रुग्णापर्यंत पोचवायचे. झोताच्या वाटेत एक फिरती चकती होती. उपचार जसा असेल तसा योग्य तो भाग ती झोतापुढे आणून ठेवायची. म्हणजे धोका कुठे होता हे उघड आहे: झोत शंभर पट जोराचा आणि वाटेत धातूचा तुकडाच नाही, अशी अवस्था कधीही येता कामा नये.

आधीच्या थेरॅक-२० मध्ये ही अवस्था येऊच नये म्हणून स्वतंत्र यांत्रिक आणि विद्युत अडसर होते. चकती जागेवर नसेल तर झोत सुरूच व्हायचा नाही, मग संगणक काहीही म्हणो. नव्या यंत्रात त्यातले बरेचसे अडसर काढून टाकले आणि ती राखण सॉफ्टवेअरकडे दिली. सॉफ्टवेअरचे काही भाग जुन्या यंत्रांमधूनच आले होते, तिथे ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालले होते. त्यांच्यावर विश्वास बसला होता.

टेक्सासमधल्या टायलर या गावी, १९८६ च्या मार्चमध्ये, यंत्र चालवणाऱ्या बाईंनी ‘ई’ ऐवजी ‘एक्स’ टाइप केलं. ‘ई’ म्हणजे इलेक्ट्रॉन, ‘एक्स’ म्हणजे क्ष-किरण. बहुतेक रुग्ण क्ष-किरणांचे असत, त्यामुळे बोटं सवयीने तिकडे गेली. चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. बाणाच्या बटणाने त्या वर गेल्या, अक्षर बदललं, भराभर एंटर मारत खाली आल्या आणि झोत सुरू केला. हे सगळं आठ सेकंदांच्या आत झालं. तेवढ्या वेळात यंत्र आपली चुंबकं जुळवत होतं, आणि त्या दरम्यान केलेला बदल प्रोग्रामच्या एका भागाला दिसतच नव्हता. पडद्यावर ‘ई’ होतं. आत अर्धं यंत्र ‘एक्स’च्या तयारीत होतं.

पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असे शब्द आले. त्याचा अर्थ काय, हे माहितीपुस्तिकेत धड लिहिलेलं नव्हतं. यंत्र दिवसातून अनेकदा असं अडायचं आणि ‘पी’ दाबलं की पुढे चालायचं. बाईंनी ‘पी’ दाबलं. रुग्णाच्या खोलीतला आवाज ऐकवणारी यंत्रणा त्या दिवशी बंद होती, त्यामुळे आतला माणूस वेदनेने उठून दाराकडे गेला तेव्हाच बाहेर कळलं. नेहमीची मात्रा १८० रॅडच्या (रॅड म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) आसपास असायची. त्याच्या पाठीवरच्या एका छोट्या जागी १६,५०० ते २५,००० रॅड गेले असावेत, असा नंतरचा अंदाज आहे. पाच महिन्यांनी तो गेला. त्या अपघातानंतर तीनच आठवड्यांनी त्याच रुग्णालयात दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत पुन्हा ५४.

फ्रिट्झ हेगर हे तिथले भौतिकतज्ज्ञ. ते त्या बाईंबरोबर कीबोर्डपाशी बसले आणि ५४ पुन्हा पडद्यावर येईपर्यंत दोघांनी तोच क्रम टाइप केला. किल्ली वेगात होती. सावकाश टाइप केलं तर काहीच बिघडत नव्हतं. हात बसलेल्या माणसाने सराईतपणे केलं तर बिघडत होतं. चाचणी घेणाऱ्या कोणाचा हात इतका बसलेला असण्याचं कारण नव्हतं. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात बोचरं सत्य आहे: आपण आपल्या वेगाने, आपल्या कल्पनेतल्या वापरणाऱ्यासाठी टेस्टिंग करतो.

आणि मग शिकागोहून जी माहिती आली, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोलाची वाटते. तिथल्या विद्यापीठात जुनं थेरॅक-२० होतं. नवे विद्यार्थी त्यावर शिकायला आले की यंत्राचे फ्यूज उडत. काहीबाही टाइप करणाऱ्या मुलांच्या हातून असं होतं, एवढंच लोकांना माहीत होतं. टायलरच्या बातमीनंतर तपासलं, तर तोच बग (प्रोग्राममधली चूक) थेरॅक-२० मध्येही निघाला. तो तिथे वर्षानुवर्षं होता. प्रत्येक वेळी फ्यूज उडत होता आणि रुग्ण वाचत होता. सॉफ्टवेअरने जे नाव कमावलं असं सगळ्यांना वाटत होतं, ते खरं तर फ्यूजने कमावलेलं होतं. त्या नावाच्या भरवशावर नव्या यंत्रातला अडसर काढला गेला.

आपल्या घरातल्या कुकरला शिट्टी असते आणि झाकणावर एक बारीकसा सेफ्टी व्हॉल्व्हही असतो. रोजचं काम शिट्टी करते. ती भाताच्या पेजेने तुंबली, वाफ कोंडली, तर तापलेला व्हॉल्व्ह वितळतो आणि वाफेला वाट देतो. शिट्टीला काय झालंय याची त्याला खबर नसते, आणि म्हणूनच तो कामाचा. कित्येक घरांत तो वीस वर्षांत एकदाही वितळत नाही. तेवढ्यावरून उद्या कोणी बिनव्हॉल्व्हचा कुकर स्वस्तात विकायला आणला, तर आपली आई तो घेईल का?

थेरॅक-२५ च्या कंपनीने १९८३ मध्ये धोक्याचं विश्लेषण केलं होतं. त्यात प्रोग्राममधल्या चुका धरल्याच नव्हत्या. ‘संगणकाने चुकीचा प्रकार निवडला’ या घटनेपुढे शक्यता लिहिली होती: अब्जात ४. हा आकडा कुठून आणला, याचं काही स्पष्टीकरण नव्हतं. आणि असा आकडा केवळ चाचणी घेऊन कोणी सिद्ध करू शकत नाही. एखादी चूक १ अब्ज तासांतून एकदाच होते हे दाखवायचं तर निदान तेवढे तास यंत्र चालवून बघावं लागेल. १ अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षं.

आता एआयकडे वळतो. थेरॅकचा कोड कितीही वाईट असला तरी शेवटी त्यातल्या चुकांवर बोट ठेवता आलं. १९८७ च्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे झालेल्या अपघाताचं मूळ प्रोग्राममधल्या एका बाइटच्या चलात (० ते २५५ एवढेच आकडे मावणाऱ्या कप्प्यात) सापडलं. तो प्रत्येक फेरीत एकाने वाढायचा, २५५ च्या पुढे गेला की परत शून्य व्हायचा, आणि शून्य म्हणजे ‘तपासायची गरज नाही’ असा अर्थ होता. ओळ सापडली, ओळ बदलली. आजचं एआय ज्यावर चालतं त्या न्यूरल नेटवर्कमध्ये अशी ओळ नसते. अब्जावधी आकडे असतात, त्यांचे गुणाकार-बेरजा होऊन उत्तर बाहेर पडतं. उत्तर चुकलं तर आपण त्याला आणखी उदाहरणं देऊन पुन्हा शिकवतो. ते बहुधा सुधारतं. पण ‘हा बग गेला’ असं मी ज्या अर्थाने आजवर म्हणत आलो, त्या अर्थाने म्हणता येत नाही, आणि शिकवताना दुसरीकडे काय हललं तेही सांगता येत नाही. या आकड्यांच्या आत डोकावून अर्थ लावण्याचं संशोधन चालू आहे. मला त्याबद्दल फार आस्था आहे, पण ते अजून कोवळं आहे.

ज्याच्या आत नीट बघता येत नाही, त्याच्याबाहेरचा व्हॉल्व्ह जास्तच जपायला हवा. प्रत्यक्षात काय होतं? १८ मार्च २०१८ च्या रात्री अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक दिली. त्यात त्या गेल्या. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या तपासात दिसलं, की धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीला त्या दिसल्या होत्या. पण त्यांना वाहन म्हणावं, सायकल म्हणावं की आणखी काही, हे प्रोग्रामचं ठरत नव्हतं. दर वेळी नाव बदललं की आधीची हालचाल विसरून अंदाज नव्याने सुरू व्हायचा. क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यता रचनेत धरलेलीच नव्हती. हे सगळं मी समजू शकतो. अशा चुका होतात. पण ती गाडी व्हॉल्वोची होती, आणि कारखान्यातून येतानाच तिच्यात आपोआप ब्रेक मारणारी स्वतंत्र यंत्रणा होती. संगणक गाडी चालवत असताना ती बंद ठेवलेली होती. अहवालातला तो भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला शिकागोचे फ्यूज आठवले.

माणसंही चुकतात, दारू पिऊन गाडी चालवणारा कोणत्याही संगणकापेक्षा वाईट, असं यावर मला ऐकवलं जातं. ते खरं आहे. थेरॅक-२५ नेही शेकडो रुग्णांवर नीट उपचार केले होते. मी स्वतः रोज एआय वापरतो. कंटाळवाणं काम ते झपाट्याने उरकतं, आणि माझ्या नजरेतून निसटलेल्या चुका त्याने दाखवल्याचे दिवसही आहेत. यंत्र चांगलं आहे म्हणून व्हॉल्व्ह काढायचा, एवढ्या एकाच पायरीला माझा विरोध आहे.

ही पायरी आता सॉफ्टवेअरच्या रोजच्या कामात आली आहे. २०२५ च्या जुलैमध्ये रेप्लिट कंपनीच्या कोड लिहिणाऱ्या एआय एजंटने (स्वतःच एकेक पाऊल उचलत काम करणाऱ्या प्रोग्रामने) एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. काहीही बदलू नकोस, असं त्याला बजावलेलं होतं. वर त्याने सांगितलं की डेटा परत आणता येणार नाही. तो परत आणता आला. पुढे कंपनीने चाचणीचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस वेगळे करण्याची व्यवस्था जाहीर केली. ‘बदलू नकोस’ असं सांगणं ही बटणावरची चिकटपट्टी. हात पोचणारच नाही अशी वेगळी खोली, हा अडसर. एजंटला लिहून दिलेल्या सूचना मी दर आठवड्याला वाचतो, आणि त्यांत ‘कृपया’, ‘कधीही नाही’, ‘अत्यंत महत्त्वाचे’ असे शब्द वाढत चाललेले बघून मला काळजी वाटते. शब्द वाढले की समजावं, आत अडसर नाही.

दुसरा उपाय सुचवला जातो: एका एआयचं काम दुसऱ्या एआयकडून तपासून घ्यायचं. ऐकायला छान वाटतं. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी १९८६ मध्ये यासारखाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. (लेव्हसन म्हणजे ज्यांनी पुढे १९९३ मध्ये क्लार्क टर्नर यांच्याबरोबर थेरॅकच्या अपघातांचा सविस्तर तपास लिहिला, त्याच.) एकाच कामासाठी दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता २७ प्रोग्राम लिहिले. प्रत्येकाच्या दहा लाख चाचण्या घेतल्या. सुटे सुटे प्रोग्राम चांगले होते. पण ते वेगवेगळ्या ठिकाणी चुकतील ही अपेक्षा फोल ठरली. जिथे प्रश्न अवघड होता, तिथे अनेकजण एकत्रच चुकले. ती तर वेगवेगळ्या घरांत वाढलेली माणसं होती. आजची मोठी एआय मॉडेलं बऱ्याच अंशी त्याच मजकुरावर शिकलेली आहेत.

एआयमुळे मानवजातीवरच संकट येईल का, असं मला भाचे-पुतणे विचारतात. त्याची तारीख सांगण्याचा अधिकार मला नाही. पण नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९६० मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात लिहून ठेवलंय, की ज्या यंत्राच्या कामात आपल्याला वेळेवर हात घालता येणार नाही, त्याला आपण घालून दिलेलं उद्दिष्ट आपल्याला खरंच हवं तेच आहे याची आधी पक्की खात्री करावी. वीज, बँका, शस्त्रं यांच्यात एआय शिरेल तेव्हा ते एका झेपेत शिरणार नाही. दर तिमाहीत एखादा अडसर निघेल, कारण मागच्या तिमाहीत काही झालं नव्हतं.

थेरॅक-२५ ची चिकटपट्टी टिकली नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ती पुरेशी नसल्याचं कंपनीला कळवलं, आणि पुढे वर्षभर मागे लागून दुरुस्त्या करून घेतल्या. त्यांत सॉफ्टवेअरचे बदल होतेच. शिवाय चकती कुठे आहे हे वेगळं मोजणारा भाग आला, आणि मात्रा मर्यादेबाहेर गेली तर संगणकाला न विचारता झोत तोडणारं स्वतंत्र सर्किट आलं. यंत्र हलवायचं तर चालवणाऱ्याने पेडलवर पाय दाबून ठेवायचा, तो उचलला की हालचाल बंद.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे प्रस्ताव आला, की एजंटला थेट चालू सर्व्हरवर रिलीज करू द्यावं. सहा महिन्यांत त्याची एकही चूक नाही. मी विचारलं, त्याला थांबवायचं बटण कुठून चालतं? बघितलं तर ते एजंट ज्या सर्व्हरवर राहतो, तिथूनच चालत होतं. वेगळी तार टाकायला तीन आठवडे लागतील म्हणतात. तोवर त्या प्रस्तावावर माझी सही होणार नाही.