विमानात वितळणारी राळ कशी आली

गोव्यात ‘फायबर’ म्हटले की आधी होडी आठवते: काचतंतू, पॉलिएस्टर राळ, हार्डनर, ब्रश. विमानाच्या भागांत बहुधा कार्बन आणि इपॉक्सी असते, पण स्वभाव तोच. राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही.

इपॉक्सी मुरवलेले कापड, म्हणजे प्रीप्रेग, उणे 18 अंशांवर साठवतात. बाहेर ते साधारण महिनाभरच टिकते. जुलैच्या दमट हवेत घाईने रोल उघडला तर थंड कापडावर दव धरते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, 180 अंशांना त्या पाण्याची वाफ होते आणि थरांमध्ये पोकळ्या राहतात. म्हणून पिशवी न फोडता रोल बाहेर ठेवायचा आणि तो आतपर्यंत खोलीइतका उबदार झाला की मगच उघडायचा.

थर्मोप्लास्टिकला, म्हणजे तापवली की पुन्हा वितळणाऱ्या राळेला, फ्रीझर लागत नाही. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने 1978 मध्ये पीक (PEEK) हे असे पॉलिमर बनवले आणि 80च्या दशकात कार्बन-पीकची एपीसी-2 पट्टी बाजारात आणली. चिवटपणा उत्तम, तरी कारखान्यांनी ती लगेच उचलली नाही. पीक 343 अंशांना वितळते, काम 380 ते 400 अंशांवर चालते. तिथे थरांवरची हवा ओढून ते दाबणारी नेहमीची नायलॉनची व्हॅक्यूम पिशवी वितळून जाते, महागडी पॉलिइमाइड फिल्म लागते. वितळलेले पीक इपॉक्सीपेक्षा कितीतरी दाट, त्यामुळे ते तंतूंमध्ये सहज शिरत नाही. शिवाय पट्टी पत्र्यासारखी ताठ असते आणि चिकटत नाही. थर जागच्या जागी धरायला सोल्डरिंग गनने टाके घालावे लागतात.

वाट काढली ती मुख्यतः नेदरलँड्समध्ये, फोकर ही विमान कंपनी आणि तिच्या सोबतच्या कंपन्यांनी. 285 अंशांना वितळणारे, स्वस्त पीपीएस (PPS) हे थर्मोप्लास्टिक निवडले. तंतू आणि पीपीएसचा तयार पत्रा इन्फ्रारेडखाली तापवायचा, काही सेकंदांत साच्यात टाकून दाबायचा. भाग मिनिटांत तयार. पत्रा नेताना रेंगाळलात तर तो थंडावतो, सुरकुत्या पडतात. दाबाविना जास्त तापला तर दबलेले तंतू उसळून थर फुगतात.

खरा फरक मात्र वेल्डिंगने पडला, असे आमचे मत. एअरबस ए340-600 आणि ए380 च्या पंखांच्या पुढच्या कडेत काच-पीपीएसचे कवच आतल्या बरगड्यांना मधल्या धातूच्या जाळीतून वीज सोडून, राळ वितळवून जोडले. गल्फस्ट्रीम जी650 च्या रडर आणि एलिव्हेटर या शेपटीच्या हलत्या भागांत जाळीचीही गरज उरली नाही: कार्बन स्वतःच वीज वाहतो, वरून विजेची कॉइल फिरवली की तो तापतो. रिवेट कमी म्हणजे भोके कमी, वजनही कमी. पुढे युरोपच्या क्लीन स्काय 2 प्रकल्पात 8 मीटर लांब, 4 मीटर व्यासाचा धडाचा नमुना याच धर्तीवर जोडला गेला.

पावसाळ्याची कटकट पूर्ण सुटली असे मात्र नाही. केबिनमधल्या भागांना लागणारे पीईआय (PEI) हे थर्मोप्लास्टिक ओल शोषते. आधी ओव्हनमध्ये नीट वाळवले नाही, तर प्रेसमधून बुडबुडे आलेला पत्रा निघतो.