बालछळ आणि कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती

पालकांचे उत्पन्न, शिक्षण, रोजगार व निवारा यांचा मुलांच्या छळाशी आणि हेळसांडीशी असलेला संबंध. तो आहे, याविषयी आता फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते त्याच्या कारणांबद्दल.

या अभ्यासाची सुरुवात साधारणपणे अमेरिकी वैद्यकात मानली जाते. क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये सहा तान्ह्या मुलांच्या कवटीतील रक्तस्रावासोबत हातापायांच्या लांब हाडांचे अस्थिभंग नोंदवले. इजा कशी झाली, हे मात्र त्यांनी अनिर्णित ठेवले. बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये अशा इजांमागे पालकांची मारहाण असल्याचे स्पष्ट मांडले. त्यांचा भर पालकांच्या मानसिक दोषांवर होता. सुस्थितीतील घरांतही असे घडते, या त्यांच्या निरीक्षणातून पुढे ‘छळाला वर्ग नसतो’ ही धारणा रुजली. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड गिल (१९७०) यांनी दारिद्र्याकडे लक्ष वेधले, तर लेरॉय पेल्टन या दुसऱ्या अभ्यासकांनी १९७८ मध्ये ती धारणा मिथक ठरवली. गरिबांवर सरकारी यंत्रणांची नजर अधिक असल्याने नोंदी फुगतात, हा आक्षेप अंशतः खरा आहे. तथापि नोंदलेल्या गरीब कुटुंबांतही सर्वांत गंभीर इजा अतिगरीब घरांत आढळतात, हा पेल्टन यांचा युक्तिवाद अधिक सबळ वाटतो.

बालछळ व हेळसांडीविषयीच्या अमेरिकेच्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीत (२००५-०६) निम्न आर्थिक स्तरातील मुलांमध्ये छळाचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक, तर हेळसांडीचे सुमारे सातपट आढळले. लैंगिक अत्याचाराचा आर्थिक स्थितीशी संबंध त्यामानाने क्षीण समजतात.

हेळसांड आणि नुसती गरिबी यांत गल्लत होणे हा या विषयातील सर्वांत क्लेशकारक भाग होय. रात्रपाळीला जाणारी आई तान्ह्याला सात वर्षांच्या बहिणीवर सोपवते, तेव्हा ती कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. पैसेवाल्या घरात त्याच वेळी पगारी बाई असते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एका प्रयोगात, वडिलांनी भरलेली पोटगी सरकारने कापून न घेता पूर्ण हाती दिलेल्या मातांविरुद्ध बालछळाच्या तक्रारी कमी आल्या. पैशाची ओढाताण हेही छळाचे एक कारण असल्याचा हा दुर्मीळ थेट पुरावा आहे.

भारतात केंद्र सरकारने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुले होती; त्यांत शाळकरी, कामकरी, रस्त्यावरची व संस्थांतील मुले होती. महाराष्ट्रात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात. बालसंगोपन योजनेत मूल संस्थेत न पाठवता कुटुंबातच राहावे म्हणून दरमहा साहाय्य मिळते.