मे महिन्यातल्या मुंबईच्या संध्याकाळी
(आमच्या दादरच्या लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सुट्टीला मुलाबाळांसह आलेली कुटुंबं असतात, परीक्षेला किंवा मुलाखतीला आलेली मुलं असतात, आणि परळच्या हॉस्पिटलांत घरच्या कुणाला दाखवायला आलेली माणसं असतात. दिवसाची कामं ज्याची त्याला माहीत असतात. सहा वाजले की मात्र सगळे खाली काउंटरवर येतात आणि विचारतात, "आता जवळपास कुठं जाता येईल? फार खर्च नको." गेली कित्येक वर्षं आम्ही हे तोंडी सांगत आलो. गर्दीच्या दिवसात घाईघाईत अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून या वेळी लिहूनच काढलं.

आधी उकाड्याचं. इथला पारा साधारण ३३-३४ अंशांवर असतो. चंद्रपूर-अकोल्याच्या पाहुण्यांना हा आकडा ऐकून हसू येतं, पण दमट हवेत दोन तास फिरलं की तेच म्हणतात, "आमचं बेचाळीस परवडलं." दुपारी बारा ते चार शक्यतो खोलीतच थांबा. सूर्य सात-सव्वासातला मावळतो, समुद्रावरचा वारा तोवर शहरात शिरलेला असतो, आणि मुंबई खरी त्यानंतरच फिरण्याजोगी होते. मेच्या शेवटी आलात तर छत्री बरोबर ठेवा. पावसाची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. तेव्हा आमच्याकडच्या निम्म्या पाहुण्यांच्या चपला ओल्या होत्या.

नाटक

दादरला उतरलात आणि नाटक न बघता गेलात तर आम्हालाच रुखरुख लागते. श्री शिवाजी मंदिर आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हे नाट्यगृह १९६५ सालच्या मे महिन्यात सुरू झालं आणि आजही शनिवार-रविवारी तिथं दुपार-संध्याकाळ प्रयोग लागलेले असतात. प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणानंतर २०२५ साली पुन्हा उघडलं. तिथंही पायी जाता येतं, मुलं बरोबर असतील तर टॅक्सी करा. माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर एका स्टेशनावर आहे. विलेपार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, ठाण्याचं गडकरी रंगायतन ही सगळी लोकलच्या वाटेवरच आहेत. दादरला पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग मिळत असल्यामुळे कुठल्याही दिशेला गाडी न बदलता जाता येतं.

तिकीट कसं काढायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथंच वाचतात. वर्तमानपत्रातली नाटकाच्या जाहिरातींची पानं आम्ही काउंटरवर ठेवतो. त्यात "प्लॅन सुरू" असं छापलेलं असतं. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा तक्ता. नाट्यगृहाच्या खिडकीवर सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास तो उघडतो. खिडकीपाशी उभं राहून "मधली दोन द्या, खांब नको, पंख्याखाली नको" असं सांगता येतं. मागे रांग असली तरी आतला माणूस तक्ता तुमच्याकडे वळवून बोट ठेवून दाखवतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ही सोय नाही, वर प्रत्येक तिकिटामागे सेवा आकारही लागतो. चौघांचं कुटुंब असेल तर तेवढ्यात मध्यंतराचे वडे निघतात.

मराठी व्यावसायिक नाटकाची तिकिटं साधारण दोनशे-तीनशेपासून पाचशेपर्यंत असतात. पुष्कळ नाटकांचं पुढच्या रांगांचं तिकीट नेमकं पाचशेवर थांबलेलं दिसेल. त्याचं कारण कराचं आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे गेलं की १८ टक्के लागतो. आमचं स्पष्ट मत असं की खालच्या शेवटच्या रांगांपेक्षा बाल्कनीची पहिली रांग कधीही चांगली. पैसे कमी पडतात, समोर कुणाचं डोकं येत नाही, आणि सगळा रंगमंच एका नजरेत मावतो. ऐकू कमी येणारे आजी-आजोबा बरोबर असतील तरच पुढचं तिकीट काढा.

तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा. मध्यंतरात शिवाजी मंदिरचा बटाटावडा खायचा असेल तर पडदा पडताक्षणी उठावं लागतं. पहिल्या दोन मिनिटांत पोचलात तर वडा हातात, नाहीतर दहा मिनिटं नुसत्या वासावर काढायची.

मुलांसाठी मेची सुट्टी हा बालनाट्यांचा हंगाम. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी १९६२ साली बालनाट्य संस्था काढली, आणि तेव्हापासून सुट्टीत मुलांना नाटकाला न्यायची मुंबईच्या घरांना सवय लागली. मोठ्यांच्या नाटकाच्या मानानं हे प्रयोग बरेचदा दिवसा असतात. तेवढ्या वेळेपुरतं वर सांगितलेलं दुपारचं पथ्य मोडलं तरी चालेल, आत वातानुकूलन असतं.

थोडं वेगळं नाटक बघायचं असेल तर जुहूचं पृथ्वी थिएटर गाठा. शशी आणि जेनिफर कपूर यांनी ते १९७८ साली उभारलं. जेमतेम दोनशे खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, आणि नट इतका जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो, जो आधी रांगेत लागेल तो पुढे बसतो. उशिरा येणाऱ्याला आत सोडतच नाहीत, मग तो कुणीही असो. दादरहून पार्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे रिक्षा असा पाऊण-एक तास धरा. सोमवारी पृथ्वी बंद असतं. कमी पैशांत, छोट्या जागेत नाटक करायची ही आवड दादरला नवी नाही. स्टेशनजवळच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून आविष्कार संस्थेनं प्रायोगिक नाटकं केली आणि त्या शाळेवरून मराठीत एका चळवळीलाच नाव पडलं. स्टेशनवरून येता-जाता ती शाळा बघा.

एक पैसाही न लागणारं

फोर्ट भागातल्या काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची. प्रवेश फुकट, सकाळी ११ ते संध्याकाळी ७, आणि सोमवारीही उघडी. प्रदर्शनं दर आठवड्याला बदलतात, मंगळवारी नवी लागतात. चित्रकार स्वतः दालनात खुर्ची टाकून बसलेला असतो. चित्र विकत घेणार नसलात तरी बोला त्याच्याशी. आमच्याकडे आलेल्या इचलकरंजीच्या एका काकांनी तिथं एका तरुण मुलीला विचारलं, "हा निळा कसा केलास?" तिनं अर्धा तास समजावून सांगितलं. काकांची आयुष्यभर रंगाईची नोकरी होती, ते परत आल्यावर जेवायचंही विसरून तेच सांगत बसले. बाहेर फूटपाथवर माणसं समोर बसवून चित्र काढणारे कलाकार असतात, त्यांच्याशी मात्र पैसे आधी ठरवून घ्या.

समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला २० रुपये पडतात. पेडर रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयालाही तेवढेच. ही दोन्ही सोमवारी बंद. काळा घोड्याला गेल्यावर पुष्कळजण विचारतात, "इथला तो मोठा कला महोत्सव कुठं भरतो?" तो जानेवारी-फेब्रुवारीत असतो. मेमध्ये तिथं नुसता रस्ता दिसेल.

तिथून अंधार पडल्यावर चालत निघा. हुतात्मा चौक, मग ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोल सज्जांच्या इमारती. दगडी कमानींची ही जुनी मुंबई आणि तिच्यासमोरची आर्ट डेको मुंबई हे सगळं मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पुढे चर्चगेट ओलांडलं की मरीन ड्राइव्ह. कठड्यावर पाय सोडून बसा, भेळ खा, वारा घ्या. आमच्या मते मुंबईतली सगळ्यात चांगली बैठक तीच, आणि तिला तिकीट नाही.

गाण्याची आवड असेल तर माटुंगा रोड स्टेशनजवळच्या दादर-माटुंगा कल्चरल सेंटरच्या कार्यक्रमांची चौकशी आमच्याकडे करा. शास्त्रीय संगीताचे पुष्कळ कार्यक्रम तिथं विनामूल्य होतात. नांदेडहून आलेल्या एक ताई महिनाभर यजमानांच्या उपचारांसाठी आमच्याकडे होत्या. सुरुवातीला त्या खोलीबाहेरच पडत नव्हत्या. एका शनिवारी आमच्या आईनं त्यांना ओढूनच तिकडे नेलं. परतताना जिन्यात त्या म्हणाल्या, "आज दोन तास मी फक्त मी होते." हे पत्रक लिहिताना सतत त्यांची आठवण येत होती.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचं, म्हणजे संगीत-नाटक-नृत्याच्या मोठ्या कलाकेंद्राचं, नाव ऐकून लोक बिचकतात, आपलं काम नाही म्हणतात. तसं काही नाही. तिथल्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत काही कार्यक्रम विनामूल्य असतात, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. साधे स्वच्छ कपडे पुरतात. वसंत व्याख्यानमाला तर आपल्याकडची जुनीच रीत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी ती १८७५ साली सुरू केली. दादरला गोखले रोडवर अमर हिंद मंडळाची व्याख्यानमाला याच दिवसांत भरते. तारखा काउंटरवर लावतो.

तरुण पाहुण्यांसाठी

वांदरे, खार, लोअर परळ या भागांत रात्री गाणी, विनोदाचे आणि कवितांचे खुले मंच असतात. नवोदितांच्या कार्यक्रमाला शंभर-दोनशे रुपयांतही प्रवेश मिळतो. मात्र जाण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: कव्हर चार्ज आहे का? म्हणजे दारातच ठरावीक रक्कम भरायची आणि ती आतल्या खाण्यापिण्यात वळती करून घ्यायची. "प्रवेश मोफत" वाचून आमच्याकडची दोन मुलं एका ठिकाणी गेली, आणि बसल्यावर कळलं की माणशी दीड हजाराचं खाणं-पिणं घ्यावंच लागतं. पोरांचे परतीचे पैसे त्यात गेले. फोन करून "टेबलला कमीत कमी किती?" एवढं विचारलं असतं तर वाचले असते.

बिलात "सेवा शुल्क" लावलेलं असेल तर ते देणं ऐच्छिक आहे, काढून टाकायला सांगता येतं. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. राज्याच्या नियमाप्रमाणे बिअरसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ पूर्ण लागतं. १ मे, महाराष्ट्र दिन, हा ड्राय डे. त्या दिवशी सकाळी शिवाजी पार्कवर संचलन असतं, ते बघायला जा.

परतीचं बघून मगच निघा

मुंबईत कार्यक्रम स्वस्त मिळतो, महाग पडते ती चुकलेली शेवटची गाडी. पाच-दहा रुपयांत चर्चगेटहून दादरला येणारा माणूस लोकल चुकली की टॅक्सीला कितीतरी पट मोजतो. लोकल साडेबारा-एकच्या सुमारास संपते आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होते. आमचं सांगणं असं की बाराच्या आत फलाटावर या. परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं, साध्या तिकिटावर त्यात चढू नका. भुयारी मेट्रो गारेगार आणि छान आहे, पण ती लोकलच्या बरीच आधी बंद होते. साडेदहानंतर तिचा भरवसा धरू नका. रविवारी दुपारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्गांवरच्या गाड्या बंद किंवा कमी असतात. दुपारच्या प्रयोगाला ठाण्या-मुलुंडला जायचं असेल तर अर्धा तास जास्त धरा.

बायका-मुलींनी रात्री "२४ तास महिलांसाठी" असं लिहिलेल्या डब्यातच बसावं. बाकीचे काही महिला डबे ठरावीक वेळेनंतर सगळ्यांना खुले होतात. रात्रीच्या गाड्यांत महिला डब्यात पोलीस असतात.

टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, रिक्षाचं २६. रात्री १२ ते पहाटे ५ मीटरवर पाव पट जास्त, ते कायदेशीर आहे, त्यावर वाद घालू नका. पश्चिमेकडून येणारी रिक्षा वांद्र्याच्या पुढे येत नाही. जुहूहून रिक्षानं थेट दादर असा बेत आखू नका, पार्ले किंवा अंधेरी स्टेशन गाठा.

आमचं दार

खालचं दार रात्री साडेअकराला लावतो. उशीर होणार असेल तर निघताना नाटकाचं किंवा जागेचं नाव वहीत लिहून जा, मग कितीही वाजता या, दार उघडू. जेवण ठेवायचं असेल तर सातच्या आत सांगा. डबा काउंटरमागच्या फडताळात तुमच्या खोलीच्या नंबरानं ठेवलेला असेल, आणि माठातलं पाणी जिन्याजवळ आहे. बेल एकदाच, हलकी वाजवा. पहिल्या मजल्यावर बहुतेक पेशंट असतात, आणि त्यांना नुकती झोप लागलेली असते.