गोल्ड आयआरए : शुल्क आणि खर्च

अमेरिकेतील वैयक्तिक निवृत्ती खात्यात (आयआरए) शेअर किंवा रोख्यांऐवजी प्रत्यक्ष सोने ठेवले, की त्याला बोलीत ‘गोल्ड आयआरए’ म्हणतात. कायद्यात असे वेगळे खाते नाही. आयआरए १९७४ च्या कायद्याने आले. ठरावीक शुद्धतेच्या लगडींना त्यात १९९८ पासून वाट मिळाली. सोने किमान ९९.५ टक्के शुद्ध हवे. ‘अमेरिकन ईगल’ हे २२ कॅरेटचे सरकारी नाणे त्याला अपवाद. दक्षिण आफ्रिकेचे क्रुगरँडही २२ कॅरेटचेच, पण ते चालत नाही. घरातल्या पाटल्या-बांगड्या खात्यात घालण्याचा प्रश्नच येत नाही.

खर्चाचे मूळ ताब्याच्या नियमात आहे. धातू बँकेच्या किंवा करखात्याने मान्य केलेल्या विश्वस्त संस्थेच्या (कस्टोडियन) ताब्यात असावा लागतो. एका खातेदार महिलेने आपली ईगल नाणी घरच्या तिजोरीत ठेवली, तेव्हा २०२१ मध्ये कर न्यायालयाने ती खात्यातून काढून घेतल्याचे मानून त्यांच्या किमतीवर कर लावला. त्यामुळे विक्रेता, कस्टोडियन आणि कोठार अशा तिघांचे पैसे खातेदाराला मोजावे लागतात.

यांपैकी कस्टोडियन आणि कोठाराचे दर छापील असतात. खाते उघडण्याचे एकदाच, मग दरवर्षी व्यवस्थापनाचे, साठवणुकीचे आणि विम्याचे. साठवणूक दोन तऱ्हेची : इतरांच्या मालात मिसळून, किंवा स्वतंत्र कप्प्यात, दुसरी महाग. आकारणी ठोक आहे की टक्केवारीने, हे आधी पाहावे. वर्षाला २५० डॉलर ठोक असतील, तर १०,००० डॉलरच्या खात्यावर ते २.५ टक्के होतात, ५०,००० वर अर्धा टक्का. लहान खातेदाराला ठोक दर जड जातो. टक्केवारी मात्र भावाबरोबर वाढते : अर्धा टक्का असेल, तर सोने दुप्पट झाल्यावर २५० चे ५०० होतात, माल तेवढाच असूनही.

खरा खर्च बहुधा दरपत्रकाबाहेरच असतो. विक्रेता बाजारभावावर जो अधिभार लावतो, तो ‘शुल्क’ या नावाने कुठेच दिसत नाही. साध्या लगडी आणि चालू नाण्यांवर तो थोडका; ‘दुर्मीळ’, ‘खास आवृत्ती’ म्हणून गळ्यात मारलेल्या नाण्यांवर भरमसाट. आपल्याकडे घडणावळ निदान बिलावर लिहिलेली असते. इथे ती भावातच मुरलेली. धातूच्या किमतीवर ३० टक्के अधिभार असेल, तर ५०,००० डॉलरला सुमारे ३८,४६० डॉलरचे सोने हाती येते. या ११,५०० डॉलरपुढे वार्षिक शुल्कातला शंभर-दीडशेचा फरक किरकोळ आहे, आणि जाहिराती नेमके त्याच फरकावर बोलतात. ‘पहिले वर्ष मोफत’ किंवा ‘चांदी भेट’ यांची भरपाईही सहसा याच अधिभारातून होते.

२०२० मध्ये वायदे बाजार नियामक सीएफटीसीने ३० राज्यांसह एका विक्रेत्यावर खटला भरला. प्रामुख्याने वृद्धांकडून १८ कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेऊन त्यांना अवाच्या सवा भावाची नाणी विकल्याचा आरोप होता. त्यात निवृत्तीचा पैसाही होता. कस्टोडियन अशा वेळी आड येत नाही. खरेदीचा भाव रास्त आहे का, हे तपासणे त्याच्या कामात बसत नाही.

म्हणून विक्रेत्याला विचारण्याजोगा प्रश्न एकच : आज हेच नाणे तुम्ही मला कितीला विकाल आणि आजच कितीला परत घ्याल? उत्तर लेखी मागावे आणि प्रति औंस बाजारभावाशी ताडून पाहावे. त्या फरकात दहा वर्षांचे वार्षिक शुल्क मिळवले, की दोन विक्रेत्यांची तुलना होऊ शकते. खाते बंद करण्याचे, धातू विकण्याचे आणि घरी पाठवण्याचे शुल्कही विचारावे, कारण पारंपरिक (पैसे काढताना कर लागणाऱ्या) आयआरएमधून, त्यात सोने असले तरी, वयाच्या ७३ व्या वर्षापासून दरवर्षी किमान ठरावीक रक्कम काढावीच लागते. लगडीचा तुकडा पाडून ती देता येत नाही.

सोन्याच्या भावाशीच मतलब असेल, तर साध्या आयआरएमध्ये गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअर बाजारात मिळणारा फंड, घेता येतो. सर्वांत मोठ्या ‘एसपीडीआर गोल्ड शेअर्स’चा वार्षिक खर्च ०.४० टक्के आहे, काहींचा त्याहूनही कमी. अमेरिकेत नोकरी करून ४०१(के), म्हणजे मालकामार्फतचे निवृत्ती खाते, मागे ठेवलेल्या मराठी मंडळींनाही, ते आयआरएमध्ये वळते केल्यावर, हे दोन्ही पर्याय खुले असतात.