परसातला चिबड कोपरा कसा सुधारावा?

श्रावण संपत आला तरी परसातल्या एखाद्या चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, कोपऱ्यातले पाणी हटत नाही, पाऊल टाकले की ते चिखलात रुतते, जास्वंदीची पाने पिवळी पडतात आणि मातीला कुजकट वास येऊ लागतो. सोलापूर-सांगलीपासून विदर्भापर्यंत काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरांच्या आवारात हे नेहमी पाहायला मिळते. त्यावर बहुतेक जण वाळूच्या किंवा खडीच्या चार पाट्या आणून तिथे ओततात. हा उपाय का फसतो हे समजण्यासाठी आधी माती पाणी कसे धरून ठेवते ते पाहावे लागते.

दख्खनच्या बसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक अशा चिकणकणांचे प्रमाण मोठे असते. त्यातल्या माँटमोरिलोनाइटसारख्या खनिजांचे कण आपल्या पापुद्र्यांच्या मधल्या फटींत पाणी ओढून घेतात आणि फुगतात, वाळल्यावर आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत वळवाचे पाणी भराभर उतरते. मात्र एकदा भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग तासाला १ मिलिमीटरपेक्षाही खाली येऊ शकतो. या वेगाने ५ सेंटिमीटर पाणी मुरायला दोन दिवसांहून अधिक काळ लागतो, आणि तोवर पुढची सर आलेली असते.

मुळांना त्रास होतो तो पाण्यापेक्षा हवेच्या अभावाचा. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यात पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की सूक्ष्मजीव उरलासुरला ऑक्सिजन थोड्याच काळात संपवतात आणि मग श्वसनासाठी नायट्रेट, लोह व सल्फेट वापरू लागतात. नायट्रेटमधला नायट्रोजन वायुरूपाने उडून जातो, तर सल्फेटपासून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. अशा जागेत पिवळ्या पडलेल्या झाडाला युरिया घालणे व्यर्थ आहे, कारण ते अन्न घेण्यासाठी लागणारी ऊर्जाच मुळांकडे नसते.

आता वाळूविषयी. वाळूचे कण एकमेकांना टेकतील इतके त्यांचे प्रमाण झाले तरच त्यांच्यामध्ये मोठ्या पोकळ्या उरतात, आणि त्यासाठी मिश्रणात निम्म्याहून अधिक वाळू असावी लागते. त्याहून कमी वाळू चिकणमातीत नुसती रुतून बसते आणि वाळल्यावर तो थर अधिकच टणक होतो. खडीचा थर तर उलट परिणाम करतो. समईच्या वातीत तेल जसे धरून राहते, तसे बारीक पोकळ्यांमधले पाणी केशाकर्षणाने धरलेले असते, आणि वरची माती पाण्याने जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत (संपृक्त होईपर्यंत) ते खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये उतरत नाही. त्यामुळे वाफ्याखाली खडी अंथरली की पाण्याने भरलेला थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

म्हणून काहीही आणून टाकण्याआधी पाणी येते कुठून हे शोधणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जागा मे महिन्यातही ओली राहत असेल, तर फुटलेला नळ, गळकी टाकी किंवा सेप्टिक टँक यांचा संशय घ्यावा. घरातले सगळे नळ बंद असूनही मीटरचा काटा फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे. केवळ पावसाळ्यातच पाणी साचत असेल, तर छपराकडे पाहावे. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी पागोळ्यांवाटे खाली येते. पन्हळ लावून ते साठवणाच्या टाकीकडे किंवा गटाराकडे वळवल्याने अनेक चिबड कोपरे एवढ्यावरच सुधारू शकतात.

त्यानंतर जमिनीची परीक्षा करावी. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते मुरल्यावर पुन्हा भरावा आणि पातळी किती उतरते ते मोजावे. तासाला २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतार म्हणजे निचरा कमी. खणताना पहार अचानक अडली, तर बांधकामाच्या वेळी गाड्यांनी दाबून टाकलेला थर खाली असण्याची शक्यता असते. तो जमीन कोरडी असतानाच फोडता येतो. ओल्या मातीत खोदकाम केले तर ती आणखी दाबली जाते.

सच्छिद्र पाइप घातलेला भूमिगत चर हा उपाय पुष्कळदा सुचवला जातो. मुरमाड किंवा मध्यम पोताच्या जमिनीत १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार दिलेला असा चर चांगले काम करतो. मात्र भारी काळ्या मातीत पाणी बाजूने चरापर्यंत पोहोचायलाच फार वेळ लागतो. तिथे ते मुरण्याची वाट न पाहता पृष्ठभागावरूनच वाहून नेणे अधिक योग्य ठरते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेली रुंद वरंबा-सरी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे: सुमारे एक मीटर रुंदीचे वरंबे, त्यांच्यामध्ये सऱ्या आणि सौम्य उतार. परसातही गादीवाफे करून मधल्या सऱ्या आवाराच्या सखल बाजूला गटारात सोडता येतात. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत मात्र सोडू नये. शोषखड्डा करायचाच असेल तर तो मुरमापर्यंत खोल न्यावा आणि घराच्या पायापासून किमान ३ मीटर दूर ठेवावा, कारण फुगणारी माती पायाला इजा करते. कोकणातल्या सखल जागी, जिथे पावसाळ्यात भूजलच वर येते, तिथे शोषखड्डा स्वतःच भरून राहतो.

जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियममुळे तिचे कण विखुरलेले असतील, तर जिप्समचा उपयोग होतो. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. परंतु सुटलेले सोडियम धुऊन बाहेर जायला निचरा हवाच, आणि माती परीक्षणाशिवाय जिप्सम टाकू नये.

हे सगळे केल्यावर वाफ्यांवर दरवर्षी कुजलेल्या शेणखताचा थर द्यावा. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचे चिकट स्राव चिकणकणांची रवाळ जडणघडण करतात, त्यातून हवा खेळते आणि वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी बेताची ओल, लवकर येतो. मात्र याला काही वर्षे लागतात. तोवर अगदी सखल भागात अळू, कर्दळ, वेखंड किंवा वाळा लावावा. ओल्यात मुळे न कुजता ही झाडे तग धरतात. पाणी साचून राहिल्यास साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यात डासांची एक पिढी तयार होते, म्हणून या झाडांच्या बुडाशी ओल असावी, डबके नसावे.